एकाच घरात २४, ५४ आणि ८०

ताई,
माझं वय ५४. अक्कलकोट रोडच्या बाजूला माझे आठ यंत्रमाग आहेत, टॉवेल काढतो. घरात वडील (८०), बायको आणि मुलगा (२४). वडील गिरणीत साच्यावर (मागावर) होते. १९९५ साली गिरणी बंद पडली. आता ते एकच गोष्ट रोज सांगतात. गेटला कुलूप लागल्यावर त्यांनी आईला काही दिवस कळूच दिलं नाही. डबा घेऊन निघायचे, सिद्धेश्वर तळ्यावर बसायचे आणि पाळी सुटायच्या वेळेला घरी यायचे. आम्हा सगळ्यांना ती गोष्ट पाठ झाली आहे. शिवाय ते चालू मागाजवळ जातात, कोणाचं ऐकत नाहीत. मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअर. पुण्यातली नोकरी आठ महिन्यांत सोडून परत आला. कारखान्यात येणार नाही म्हणतो. काय करणार विचारलं, तर म्हणतो, ‘पप्पा, मला नक्की कळत नाहीये, थोडा वेळ द्या.’ त्याच्या वयात मी चार माग घेऊन उभा होतो. मलाही पुण्यात ड्राफ्ट्समनची नोकरी मिळत होती, पण घर अडचणीत होतं, गेलो नाही. सुताचे भाव आणि वीजबिल बघून मलाच कळत नाही की हे किती वर्षं चालेल. रात्री झोप लागत नाही. ३० वर्षं हे सगळं कोणासाठी केलं? बायको सगळं सांभाळते, तिची काही तक्रार नाही. यात नेमकं कोणाचं चुकतंय?
– एक यंत्रमागधारक, सोलापूर

दादा,

कोणाचं चुकतंय ते सांगण्याआधी तुमच्याच पत्रातला एक हिशेब तुमच्यापुढे ठेवते. १९९५ साली तुमचे वडील पन्नाशीचे होते आणि तुम्ही २४ चे. गिरणीला कुलूप लागलं तेव्हा ते जवळजवळ तुमच्या आजच्या वयाचे होते आणि तुम्ही अगदी तुमच्या मुलाच्या आजच्या वयाचे. पन्नाशीतल्या बापाला ‘आता पुढे काय’ हे कळेना आणि चोविशीतल्या पोराला ‘मी कोण होणार’ हे ठरवायचं होतं, अशी वेळ तुमच्या घरावर एकदा येऊन गेली आहे. तेव्हा त्यावर बोलायला कोणाला सवडच नव्हती. चूल पेटती ठेवायची होती, म्हणून तुम्ही माग घेतले आणि विषय तिथेच मिटला. मला वाटतं, तो मिटला नव्हता. तोच आज तिघांच्या वाट्याला वेगवेगळ्या रूपात आला आहे.

माणूस लहानपणी घडतो आणि पुढे आयुष्यभर तसाच राहतो, असं मानसशास्त्रातही बराच काळ धरून चालायचे. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन (१९०२–१९९४) यांनी त्या समजाला मोठा छेद दिला. १९५० साली त्यांनी जन्मापासून म्हातारपणापर्यंतचे आठ टप्पे मांडले. प्रत्येक टप्प्यावर माणसाच्या मनात एक ओढाताण असते. तान्ह्या बाळाची ओढाताण विश्वासाची, दोन-तीन वर्षांच्या पोराची ‘माझं मी करणार’ याची, पुढे खेळात पुढाकार घेण्याची आणि शाळेच्या वयात ‘मला हे जमतं’ असं वाटण्याची. किशोरवयात प्रश्न येतो ‘मी कोण’, तरुणपणी ‘मी कोणाच्या जवळ जाऊ’, मध्यवयात ‘माझ्या हातून पुढच्यांसाठी काय होतंय’, आणि शेवटी ‘जे आयुष्य झालं ते मला मान्य आहे का’. पहिल्या चार टप्प्यांवर इथे थांबत नाही, त्यातल्या एकाकडे वडिलांसाठी परत यावं लागेल.

हे टप्पे म्हणजे शाळेच्या इयत्ता नाहीत. वय झालं की पास आणि नाही जमलं की नापास, असं त्यात काही नाही. एक प्रश्न सुटायच्या आत दुसरा येतो, जुना पुन्हा डोकं वर काढतो, आणि गरिबी, आजारपण, बंद पडलेली गिरणी यांनी सगळा क्रम उलटापालटा होतो. एरिक्सन यांचं म्हणणं मुख्यतः त्यांनी जवळून पाहिलेल्या माणसांवर उभं आहे. त्यामुळे त्याने कोणाला मोजायला जाऊ नये. मला त्यातली सगळ्यांत मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. ते म्हणत की पिढ्यांची आयुष्यं दातेरी चाकांसारखी एकमेकांत अडकलेली असतात. मागाचा गिअर तुम्ही रोज बघता. एका चाकाचा दाता झिजला की दुसरं चाक अडखळतं, आणि खोट मात्र अडखळणाऱ्या चाकात दिसते.

आता मुलाकडे येते, कारण तुमचा राग तिथे आहे.

‘मी कोण’ हा प्रश्न एरिक्सन यांना पुस्तकात सापडला नव्हता. त्यांची आई डॅनिश ज्यू होती. खरे वडील कोण हे त्यांना कधीच कळलं नाही, सावत्र वडिलांच्या नावावर ते जर्मनीत वाढले. उंच आणि गोरे असल्यामुळे ज्यूंच्या प्रार्थनास्थळातली मुलं त्यांना परकं म्हणून चिडवायची, तर शाळेतली मुलं ज्यू म्हणून चिडवायची. शाळा संपल्यावर ते चित्रं काढत युरोपभर भटकत राहिले. पंचविशीत एका छोट्या शाळेत शिकवायला व्हिएन्नाला गेले आणि तिथे त्यांना आपली वाट दिसली. विद्यापीठाची साधी पदवीही त्यांनी कधी घेतली नाही. पुढे त्यांनी लिहून ठेवलं की तरुणांना असा एक थांबा लागतो. त्या काळात मोठेपणाच्या जबाबदाऱ्या थोड्या लांबवता येतात आणि वेगवेगळ्या भूमिका घालून बघता येतात.

मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्सिया यांनी १९६६ साली ही गोष्ट आणखी बारकाईने मांडली. त्यांनी दोन गोष्टी पाहिल्या: माणसाने शोध घेतला का, आणि तो कशाला बांधील झाला का. त्यातून चार अवस्था निघतात. काही जण शोधही घेत नाहीत आणि बांधीलही होत नाहीत, वाहत राहतात. काही जण शोधात असतात, पण अजून काही ठरलेलं नसतं. काही शोधून मग ठरवतात. चौथे शोध न घेताच बांधील होतात, कारण घराने, परिस्थितीने किंवा वडिलांनी आधीच ठरवून टाकलेलं असतं. १९९५ चे तुम्ही या चौथ्या प्रकारातले. यात कमीपणा काहीच नाही. सोलापुरातल्या कितीतरी घरांची चूल अशाच पोरांनी पेटती ठेवली. पण त्या वयात विचारायचा राहून गेलेला प्रश्न पुढे कधीतरी येतो, आणि समोर स्वतःचा चोवीस वर्षांचा मुलगा ‘वेळ द्या’ म्हणत उभा असला की जास्तच जोरात येतो. तुमचा जो संताप होतोय, त्यातला थोडा त्या ड्राफ्ट्समनच्या नोकरीचा आहे का? उत्तर मला नको, स्वतःशी बघा.

मुलगा शोधात आहे की नुसता वाहतोय, हे ओळखायची खूण सोपी आहे. शोधातला मुलगा अस्वस्थ असतो. काहीतरी शिकून बघतो, सोडतो, कोणाशी तरी बोलतो, स्वतःवर चिडतो. ‘मला नक्की कळत नाहीये’ हे वाक्य मला तरी शोधातल्या मुलाचं वाटतं. ज्याला काही पडलेलंच नसतं, तो सहसा एवढंही बोलत नाही. तरी एक गोष्ट डोळसपणे बघा. दोन आठवड्यांहून जास्त दिवस त्याची झोप, भूक बिघडलेली असेल, आवडीच्या गोष्टीतही मन लागत नसेल, मित्र तुटले असतील, ‘माझा काही उपयोग नाही’ असं तो बोलत असेल, तर हा वयाचा टप्पा म्हणून सोडून देऊ नका, ते नैराश्य असू शकतं. आपल्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे. १४४१६ या सरकारी ‘टेलि-मानस’ क्रमांकावर दिवसरात्र, फुकट आणि मराठीतून बोलता येतं. जीव देण्याची भाषा एकदा जरी तोंडून निघाली, तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि त्याला एकटं ठेवू नका.

तसं काही नसेल, तर त्याला वेळ द्या, आणि तो मोजून द्या. सहा महिने किंवा वर्ष, दोघांनी बसून ठरवा. त्या काळात काय काय करून बघणार ते त्याने सांगायचं, तुम्ही यादी द्यायची नाही. स्वतःचा खर्च भागेल एवढं काहीतरी त्याने कमवावं आणि घरातलं एक काम पूर्णपणे त्याच्याकडे असावं. महिन्यातून एकदा यावर बोलणं करा, रोज जेवताना नको. नातेवाईक लग्नाचं विचारतील, शेजारी ‘पुण्याहून परत का आला’ म्हणतील. कोणत्या वयात काय व्हायला हवं याचं एक घड्याळ समाज चालवत असतो, मानसशास्त्रज्ञ बर्निस न्यूगार्टन यांनी त्यावर बरंच काम केलं. त्या घड्याळाचा ठोका घरात मुलाच्या कानावर तुम्ही घालू नका, तो बाहेर त्याला पुरेसा ऐकू येतोच आहे.

तुम्ही विचारलंत, ३० वर्षं कोणासाठी केलं. मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी २००० साली १८ ते २५ या वयाला वेगळा टप्पा म्हणावं असं सुचवलं, ना पोर ना पुरता मोठा असा. त्यांनी पाहिलेली मुलं प्रामुख्याने अमेरिकेतली होती, आणि त्यावर योग्य आक्षेपही आला की हा टप्पा सगळ्यांच्या नशिबी नसतो, घरात ज्याचं भागतं त्यालाच तो मिळतो. १९९५ साली तुमचं भागत नव्हतं. आज तुमच्या मुलाचं भागतंय, ते तुमच्या आठ मागांमुळे. तुम्हाला जो वेळ मिळाला नाही, तो तुमच्या मुलाला मिळाला आहे आणि तो तुम्ही कमावून दिला आहे. तो वेळ आळसात चालला आहे असं तुम्हाला दिसतं. मला तो तुमच्या कष्टांचा सगळ्यांत मोठा लाभ दिसतो.

आता तुमच्याबद्दल. चाळिशीपासून साठीपलीकडे पसरलेल्या या टप्प्यात माणसाला पुढच्यांना काही द्यावंसं वाटतं. ते जमलं नाही तर साचल्यासारखं होतं. आपली कोणाला तरी गरज असावी ही मोठ्या माणसाचीही गरज असते, यावर एरिक्सन यांचा फार भर होता. पण द्यायचं म्हणजे स्वतःच्याच मुलाला आणि स्वतःचाच धंदा, असं त्यांनी कुठे म्हटलेलं नाही.

इथे गांधीजींची आठवण काढणं भाग आहे. १९६२ साली एरिक्सन मानवी आयुष्याच्या टप्प्यांवर बोलायला अहमदाबादला आले. त्यांना १९१८ चा तिथला गिरणी कामगारांचा संप इतका भिडला की त्यावर त्यांनी अख्खं पुस्तक लिहिलं, ते १९६९ साली आलं. त्या संपाच्या वेळी गांधीजी ४८ वर्षांचे होते, म्हणजे तुमच्याच टप्प्यावर. ३५ टक्के पगारवाढीच्या मागणीसाठी ते कामगारांमागे उभे राहिले, उपोषणाला बसले. हजारो परक्या माणसांचा भार त्यांनी बापासारखा उचलला. आणि त्यांचा थोरला मुलगा हरिलाल? त्याला बॅरिस्टर व्हायला विलायतेला जायचं होतं, वडिलांनी नकार दिला, १९११ मध्ये तो घर सोडून गेला. ते नातं पुढे कधीच नीट जुळलं नाही. एरिक्सन यांना गांधीजींबद्दल अपार आदर होता, तरी त्याच पुस्तकात त्यांनी गांधीजींना उद्देशून एक लांब पत्र लिहून जवळच्या माणसांशी ते कसे वागले याचा जाब विचारला. आपल्या मार्गावर आपलाच मुलगा चालला पाहिजे हा हट्ट एवढ्या मोठ्या माणसालाही सुटला नाही. तुम्हाला तो सोडायचा आहे, म्हणजे काम किती अवघड आहे ते बघा. जमलं नाही म्हणून पहिल्याच दिवशी स्वतःला दोष देऊ नका.

कारखान्याचं काय करायचं, हा प्रश्न मुलाच्या होकारावर टांगून ठेवू नका. तो धंद्याचा प्रश्न आहे. पाच वर्षांनी माग चालवायचे, भाड्याने द्यायचे की विकायचे, हे सूत, वीज आणि मागणी बघून ठरवा, जणू तुम्हाला मुलगा नाहीच. मग मुलाशी बोलताना त्याच्या आयुष्याबद्दल बोलणं होईल, आठ मागांच्या वारसाबद्दल नाही. आणि तुमच्या हातचं कसब देण्यासाठी घरचाच वारस कशाला हवा? तुमच्या मागांवर कोणीतरी कामगार असेल ज्याला जकार्ड, म्हणजे मागावर नक्षी विणण्याची यंत्रणा, समजून घ्यायचंय. ड्राफ्टिंगचा तुमचा हात अजून शाबूत असेल, तर टॉवेलची डिझाइनं स्वतः काढून बघा. हे मी वेळ घालवायला सांगत नाही. मागे राहून गेलेलं काही या वयात परत हाती घेता येतं. ‘मध्यवयातलं वादळ’ ही कल्पना १९६५ साली मनोविश्लेषक एलियट जॅक्स यांनी रूढ केली, पण ते प्रत्येकाला गाठतंच असं नाही. झोपेचं मात्र डॉक्टरांना सांगा. साखर आणि रक्तदाब तपासून घ्या, सगळंच मनाचं नसतं.

वडिलांच्या गोष्टीकडे मी मुद्दाम शेवटी येतेय, कारण तुमच्या पत्रात ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली.

म्हातारी माणसं तेच तेच सांगतात, याला बराच काळ म्हातारचळ समजलं जायचं. रॉबर्ट बटलर या मनोविकारतज्ज्ञाने १९६३ साली म्हटलं की आयुष्य मागे वळून चाळणं हे म्हातारपणाचं नैसर्गिक काम आहे. जो प्रसंग मनात बसत नाही, तो पुन्हा पुन्हा चाळला जातो. तुमच्या वडिलांचा तोच प्रसंग बघा. पन्नाशीत, माणसाला आपली घराला गरज आहे हे सर्वांत जास्त वाटायच्या वयात, त्यांची गरज एका कुलुपाने संपवली. रिकाम्या हाताने घरी जाणं त्यांना सोसलं नाही, म्हणून ते तळ्यावर बसले. आणि त्यानंतर घर कोणी उचललं? तुम्ही. ती गोष्ट ते तुमच्यासमोर सांगतात तेव्हा त्यात न बोललेलं काहीतरी तुमच्याबद्दल असणार, असं मला फार वाटतं. पुढच्या वेळी ‘माहितीये’ म्हणून उठू नका. विचारा, ‘तेव्हा मी माग घेतले, पुण्याला गेलो नाही, तुम्हाला काय वाटलं होतं?’ हे त्यांना आजवर कोणी विचारलेलं नसेल. उत्तर लगेच येणार नाही, रागाचंही येईल. ऐकून घ्या. जमलं तर मुलगा तिथे असताना विचारा. आपला बाप चोवीस वर्षांचा होता, त्याचंही काही राहून गेलं, हे त्याला कोणाच्या तरी तोंडून कळू द्या, टोमण्यातून नको.

एक फरक लक्षात ठेवा. जुनी गोष्ट नीट तपशिलासह पुन्हा सांगणं वेगळं, आणि आत्ता विचारलेलं पाच मिनिटांत पुन्हा विचारणं, रोजच्या रस्त्यावर चुकणं, पैशाचा हिशेब अचानक न जमणं वेगळं. दुसऱ्या प्रकारचं काही दिसलं, तर डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, कमी ऐकू येणं, नैराश्य अशी कारणं त्यामागे निघतात आणि त्यांतल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज होतो.

आणि चालू मागाजवळ जाणं. एरिक्सन गेल्यानंतर त्यांच्या पत्नी जोन यांनी, स्वतः नव्वदी ओलांडलेली असताना, नववा टप्पा मांडला, तो १९९७ साली छापून आला. त्या म्हणाल्या की शेवटी शेवटी लहानपणचे प्रश्न उलटे फिरून येतात. पाय साथ देत नाहीत, हात थरथरतात, आणि दोन-तीन वर्षांच्या पोराचं ‘माझं मी करणार’ ऐंशीच्या माणसाच्या तोंडी येतं. म्हणून त्यांना नुसतं ‘तिकडे जाऊ नका’ म्हणून भागणार नाही. पट्टे आणि गिअर यांना जाळी बसवा, हे तर कामगारांसाठीही हवंच. मग तयार टॉवेल बघून दोष काढायचं काम त्यांना बसल्या जागी द्या, उजेडात, मागांपासून लांब. साच्यावर आयुष्य काढलेल्या माणसाची नजर कापडावरचा तुटका धागा अजून पकडत असेल. काम खरं असू द्या. त्यांनी बाजूला काढलेला टॉवेल त्यांच्यामागे परत गठ्ठ्यात घालू नका, ते त्यांना कळेल.

राहिल्या तुमच्या पत्नी. तुमच्या एवढ्या पत्रात त्यांच्यावर एकच ओळ आहे: ‘सगळं सांभाळते, तिची काही तक्रार नाही.’ तिघांची वयं लिहिलीत, त्यांचं नाही. दोष तुम्हालाच देत नाही, अभ्यासकांनीही हेच केलं. डॅनियल लेव्हिन्सन यांचा मध्यवयावरचा गाजलेला अभ्यास, १९७८ चा, ४० जणांवर झाला आणि ते चाळीसही पुरुष होते. १९८२ साली कॅरल गिलिगन यांनी स्पष्ट म्हटलं की पुरुषाचं आयुष्य मोजपट्टी म्हणून धरलं की बाईची वाढ नीट दिसतच नाही. तुमच्या पत्नी बहुतेक पन्नाशीच्या आसपास असतील, म्हणजे पाळी जाण्याच्या काळात, सासऱ्यांचं दुखणं, मुलाचा अबोला आणि तुमची जागरणं एकाच वेळी पेलत. त्यांनाही २४ वं वर्ष होतं. तेव्हा त्यांना काय करायचं होतं, ते तुम्हाला माहीत आहे का? नसेल, तर वडिलांच्या आधी त्यांना विचारा. ‘काही नाही हो’ म्हणतील. तेवढ्यावर सोडू नका, चार दिवसांनी पुन्हा विचारा. आणि त्यांनाही मला लिहावंसं वाटलं तर जरूर लिहू दे, ते पत्र तुमच्याआधी वाचेन.